नवरीचं ‘स्माइल पॅकेज’: पार्लरमध्ये दात पांढरे करण्याचं एक प्रकरण

लग्न आखाजीनंतरच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरच्या आठवड्यात ठरलं होतं. मुलगी चोवीस वर्षांची, जळगाव जिल्ह्यातल्या एका खेड्यातली, बी.एस्सी. झालेली. नवरा मुलगा सुरतेला नोकरीला. तालुक्याच्या गावातल्या ब्युटी पार्लरमध्ये तिने नवरीचं पॅकेज घेतलं: फेशियल, मेहंदी, हळदीचा आणि लग्नाचा मेकअप. त्याच पॅकेजात पंचवीसशे रुपये जादा भरले की ‘टीथ व्हाइटनिंग’ही होतं. पार्लरवाल्या ताईंनी त्यासाठी सुरतेहून एका मुलाला बोलवायला सुरुवात केली होती. तो मशीन घेऊन रविवारी यायचा, दिवसभरात जमतील तेवढ्या मुलींचे दात करायचा आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचा. लग्नसराईत त्याच्याकडे रांग लागायची.

मी याच गावात दातांचा दवाखाना चालवते. मुलीच्या आणि तिच्या घरच्यांच्या परवानगीने हे प्रकरण लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून कुणाचंही नाव दिलेलं नाही आणि काही कौटुंबिक तपशील बदलले आहेत. दातांचं जे झालं ते मात्र जसंच्या तसं.

त्या रविवारी

फेशियलच्याच खुर्चीवर तिला आडवं केलं. ओठ मागे ओढून धरणारी प्लास्टिकची कडी तोंडात बसवली. हिरड्यांना व्हॅसलिनसारखं काहीतरी बोटाने फासलं. मग सिरिंजमधली जेल ब्रशने पुढच्या दातांवर लावली आणि निळा दिवा समोर ठेवला. वीस मिनिटं झाली की जेल पुसायची, नवी लावायची. असं तीनदा. दुसऱ्या फेरीला दात झिणझिणायला लागले, तसं तिने हात वर केला. त्यावर मुलगा म्हणाला, “झिणझिणतंय म्हणजे काम करतंय.” तिसऱ्या फेरीला त्याने जेल भरलेला ट्रे तिच्याच हातात दिला आणि तिलाच तोंडात बसवायला सांगितलं. हे त्याने का केलं ते पुढे येईल.

त्याने काय केलं यापेक्षा काय केलं नाही, ते मला महत्त्वाचं वाटतं. आधी कधी दाताचं काही काम केलं आहे का, मार लागला होता का, थंड-गरम लागतं का, काही औषधं चालू आहेत का, यातलं एकही त्याने विचारलं नाही. आरसा घेऊन तोंडात डोकावला नाही. रंगाची पट्टी मात्र दाताजवळ धरून फोटो काढला, आधीचा आणि नंतरचा.

घरी येऊन तिने माठातलं पाणी प्यायलं आणि कपाळापर्यंत कळ गेली. रात्रभर दातांतून करंट बसल्यासारखे झटके येत होते. सकाळी आरशात पाहिलं तर वरच्या हिरड्यांच्या कडेला पांढरी पट्टी. त्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, दोन दिवसांत जाईल, सेन्सिटिव्हवाली पेस्ट चोळा. तिने चोळली, हिरडी आणखी सोलली गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी आई, मुलगी आणि थोरला भाऊ दवाखान्यात आले. हळदीला सहा दिवस उरले होते. दारातूनच आई म्हणाली, “मॅडम, मनी आंडेर कालपाईन जेवनी नही.” माझी मुलगी कालपासून जेवली नाही, असं ती अहिराणीत सांगत होती.

तपासणीत दिसलं ते

हिरड्यांवरची पांढरी पट्टी म्हणजे जेलमधल्या पेरॉक्साइड या रसायनाने भाजल्याची खूण. वरच्या सहा दातांच्या कडेने ती सलग होती, एका ठिकाणी साल निघून लाल झालेलं. दिसायला भयंकर, पण घरच्यांना मी आधी तेच सांगितलं की ही जखम वरवरची आहे, हात लावला नाही तर आठवड्याभरात भरून येते. आईचा जीव तिथे भांड्यात पडला.

कळ येत होती ती दुसऱ्या कारणाने. वरच्या सुळ्यांच्या आणि त्यांच्या मागच्या दातांच्या मुळाशी, हिरडीलगत, नखाला लागतील अशा खाचा होत्या. ती लहानपणापासून काळ्या दंतमंजनाने, आणि नंतर कडक ब्रशने, आडवे हात मारून दात घासत आलेली. त्या खाचांमध्ये दातावरचं कठीण आवरण, म्हणजे एनॅमल, उरलेलंच नव्हतं. आतला थर, म्हणजे डेंटिन, उघडा. जेल थेट त्या उघड्या भागावर बसली होती, एकूण तासभर.

आता पुढचे दोन दात. उजव्या दाताचा कोपरा कॉलेजात असताना धुळ्याला भरून घेतलेला. त्या वेळी दाताच्या रंगाशी मिळतं सिमेंट भरलं होतं आणि ते कुणाला कळतही नव्हतं. पेरॉक्साइड दाताचा रंग फिकट करतं, भरलेल्या सिमेंटचा, कॅपचा किंवा कृत्रिम दाताचा करत नाही. त्यामुळे दात पांढरा झाला आणि कोपरा पिवळा राहिला.

डावा दात राखाडी होता. आधीही थोडा काळसर होताच, घरच्यांनी मनावर घेतलं नव्हतं. सहावीत सायकलवरून पडली तेव्हा त्या दाताला मार बसला होता, दोन दिवस दुखलं, मग थांबलं. मी थंड कापसाची चाचणी केली. आजूबाजूच्या दातांना कापूस लावताच ती खुर्चीतून उठली, त्या दाताला काहीच कळलं नाही. एक्स-रे काढला तर मुळाच्या टोकाला गोल काळसर सावली. आतली नस कितीतरी वर्षांपूर्वी मेलेली आणि मुळाखाली हाडात संसर्ग बसलेला. सगळ्या तोंडात हाच एक दात दुखत नव्हता, आणि खरा आजारी तोच होता. जुन्या भिंतीला नवा चुना दिल्यावर ओल आलेली जागा जास्तच डोळ्यात यावी, तसा तो पांढऱ्या दातांच्या ओळीत उठून दिसत होता. बाहेरून कितीही जेल लावली असती तरी त्याचा रंग गेला नसता, कारण डाग बाहेर नव्हताच.

हे सगळं कळायला मला आरसा, कापूस आणि एक छोटा एक्स-रे लागला. पंधरा मिनिटं. ती पंधरा मिनिटं कुणीतरी आधी दिली असती तर हे प्रकरण घडलंच नसतं. दात पांढरे करण्यातला उपचाराचा खरा भाग हाच आहे: कुठला दात कशामुळे पिवळा किंवा काळा आहे ते ठरवणं. चहाचा, तंबाखूचा डाग असेल तर बऱ्याचदा नुसती साफसफाई पुरते, पेरॉक्साइडची गरजच पडत नाही. बोअरच्या पाण्यातल्या जादा फ्लोराइडने पडलेले पांढरे-तपकिरी ठिपके असतील तर वेगळा मार्ग, आणि ब्लीचिंगने ते ठिपके काही वेळा जास्तच उठून दिसतात. लहानपणी टेट्रासायक्लिन गटातली औषधं घेतल्यामुळे पडलेले राखाडी पट्टे महिनोन् महिने हलत नाहीत. मेलेल्या नसेचा दात आतून पांढरा करावा लागतो, तोही रूट कॅनालनंतर. रंग एकच दिसतो, कारणं पाच-सहा.

भाऊ

बहिणीचं चाललं होतं तोवर भाऊ बाहेर फोनवर. पुढच्या रविवारचं त्याचंही त्या मुलाकडे बुकिंग होतं, बहिणीच्या लग्नात दात स्वच्छ दिसावेत म्हणून. ते रद्द करू का, एवढंच विचारायला तो आत आला. मी म्हटलं, बसा, बघते.

त्याला तोंड पूर्ण उघडता येईना. साधारणपणे माणसाची स्वतःची तीन बोटं उभी करून पुढच्या दातांत मावतात. त्याची दोन कशीबशी गेली. गाल आतून पांढुरके, दोरीसारखे ताठ लागत होते. डाव्या गालात, जिथे तो गुटख्याची पुडी ठेवायचा, तिथे पुसून न जाणारा एक पांढरा चट्टा. तिखट सोसत नाही म्हणून शेवभाजी सोडल्याला वर्ष झालं, असं त्याने स्वतःच सांगितलं. त्याला वाटत होतं पित्त आहे.

सुपारीने गालाचं अस्तर असं आवळत जातं, तोंड उघडणं कमी होत जातं, आणि अशा तोंडात कर्करोगाचा धोका वाढलेला असतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. पण गुजरात आणि मध्य प्रदेश दोन्ही लागून असलेल्या आपल्या खानदेशात पुडी कुठे मिळते हे शाळकरी पोराला विचारलं तरी सांगेल.

पुढच्या रविवारी पार्लरमध्ये त्याचे दात पांढरे झाले असते. पैसे वसूल झाले म्हणून तो खूश झाला असता. आणि तो चट्टा तसाच राहिला असता. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त काळजी वाटली ती इथे. बहिणीच्या हिरड्या आठवड्यात भरून येणार होत्या.

जेल, टक्के आणि निळा दिवा

मुलीने हुशारीने एक काम केलं होतं. कचऱ्याच्या डब्यातल्या रिकाम्या सिरिंजचा फोटो काढला होता. त्यावर इंग्रजीत फक्त ‘कार्बामाइड पेरॉक्साइड ३५ टक्के’ एवढंच. बनवणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, बॅच नंबर नाही, मुदत नाही.

कार्बामाइड पेरॉक्साइड तोंडात फुटून त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि युरिया तयार होतो. काम करतं ते हायड्रोजन पेरॉक्साइड. १० टक्के कार्बामाइडमधून साधारण साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं, म्हणजे ३५ टक्क्यांमधून बारा टक्क्यांच्या आसपास. घरी रात्री ट्रेमध्ये घालून वापरायची जी पद्धत १९८९ साली दंतवैद्यकाच्या नियतकालिकात पहिल्यांदा मांडली गेली, ती १० टक्क्यांची होती. आजही सौम्य, सोसवणारी म्हणून तीच जास्त वापरली जाते.

दवाखान्यात आपल्याकडे ३५-४० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडची जेलही वापरतात, हे मी लपवत नाही. फरक असा की तेव्हा हिरड्या आधी कोरड्या करून त्यांच्यावर राळेचा थर लावतात, तो दिव्याने घट्ट करतात आणि मगच जेल. उघड्या डेंटिनच्या खाचा आधी बुजवतात किंवा तिथे जेल जाऊच देत नाहीत. व्हॅसलिनचं बोट हे त्या थराच्या जागी चालत नाही; ओठाला तडे पडू नयेत म्हणून ते ठीक आहे. पेरॉक्साइडचा रेणू इतका लहान असतो की चांगल्या दातातूनही तो काही मिनिटांत नसेपर्यंत पोचतो. म्हणूनच झिणझिणतं. ते काम चालू असल्याची खूण आहे हे अर्धं खरं. नस चिडल्याची खूण आहे हे पूर्ण खरं.

आणि तो निळा दिवा. गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो तो दिव्यावर. पण दिव्यामुळे रंगात टिकणारा मोठा फरक पडतो असं अभ्यासांत सातत्याने दिसलेलं नाही. तासभर तोंड उघडं ठेवून दात कोरडे पडले की ते तसेही जास्त पांढरे दिसतात. लाळेने ओले झाले की एक-दोन दिवसांत थोडा रंग परत येतो. ‘नंतरचा’ फोटो खुर्चीवरच काढतात, त्याचं कारण हे.

“कायद्यात कुठं लिहिलंय?”

चौथ्या दिवशी पार्लरवाल्या ताई स्वतः दवाखान्यात आल्या. घाबरलेल्या होत्या. त्यांच्याविषयी एक सांगायला हवं: बाई कष्टाळू आहे. नवरा गेल्यावर दोन मुलींचं शिक्षण तिने या पार्लरवर केलं. त्या मुलाने तिला मशीन विकायचीही तयारी दाखवली होती, दोन दिवसांचा कोर्स आणि फ्रेम करून लावायचं सर्टिफिकेट धरून. तिने निम्मे पैसे भरलेही होते.

“मॅडम, माझ्याकडे शॉप अ‍ॅक्टचं लायसन्स आहे,” त्या म्हणाल्या. “आणि दात पांढरे करायला डॉक्टरच पाहिजे असं कायद्यात कुठं लिहिलंय?”

प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं. शॉप अ‍ॅक्टची नोंद म्हणजे अमुक जागी अमुक आस्थापना चालते एवढीच नोंद. त्याने उपचाराचा अधिकार मिळत नाही. दोन दिवसांच्या कोर्सच्या सर्टिफिकेटला तर कायद्यात काहीच स्थान नाही.

दुसरा भाग जास्त अवघड. दंतवैद्यक कायदा, १९४८ मध्ये ‘दात पांढरे करणे’ हे शब्द नाहीत, हे खरं. पण दंतवैद्यक कशाला म्हणायचं त्याची व्याख्या आहे आणि ती बरीच रुंद आहे. मानवी दातांवरची कोणतीही शस्त्रक्रिया, दातांच्या रोगाचा किंवा दोषाचा उपचार तिच्यात येतो. शेवटी असाही भाग आहे की दंतवैद्य सर्वसाधारणपणे जे उपचार करतात, जो सल्ला देतात, तेही दंतवैद्यकच. नोंदणी नसलेल्याने हा व्यवसाय करायला कायद्याने मनाई आहे. माझ्या मते पेरॉक्साइडने दातांचा रंग बदलणं या व्याख्येत स्वच्छ बसतं. कोणी म्हणेल ते सौंदर्यप्रसाधन आहे. पण लिपस्टिक ओठावर राहते, पेरॉक्साइड नसेपर्यंत जातं.

ब्रिटनमध्ये हाच वाद कोर्टात गेला होता. तिथल्या दंतवैद्यक कायद्यातही ‘दंतवैद्य सर्वसाधारणपणे करतात ते उपचार’ हेच शब्द आहेत. २०१३ साली लंडनच्या हायकोर्टाने निर्णय दिला की दात पांढरे करणं हे दंतवैद्यकच आहे. तो निकाल आपल्या कोर्टांना बंधनकारक नाही, पण शब्द इतके जवळचे असताना त्याचं वजन नाकारता येणार नाही. युरोपीय संघाने तर त्याआधीच, २०११ च्या निर्देशाने, टक्क्यांची रेघ ओढली: ०.१ टक्क्यापर्यंत हायड्रोजन पेरॉक्साइड असलेलं उत्पादन कुणालाही विकता येईल. त्यावर ६ टक्क्यांपर्यंतचं फक्त दंतवैद्याला विकायचं, पहिल्यांदा वापरताना तपासणी आणि देखरेख दंतवैद्याची, अठराच्या खालच्यांना नाही. आणि ६ टक्क्यांवरचं बंद. त्या हिशोबाने आपल्या नवरीला लावलेली जेल तिथे दंतवैद्यालाही वापरता आली नसती.

ताईंना त्या मुलाने अमेरिकेचंही सांगितलं होतं: तिथल्या सुप्रीम कोर्टाने म्हणे दंतवैद्यांना हरवून पार्लरवाल्यांना परवानगी दिली. हा गैरसमज पसरवला जातो म्हणून खुलासा. खटला नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या दंत मंडळाचा, निकाल २०१५ चा. मंडळाने मॉलमधल्या दात पांढरे करणाऱ्यांना धंदा बंद करण्याची पत्रं पाठवली होती. मंडळावर बहुसंख्य सभासद स्वतः व्यवसाय करणारे दंतवैद्य होते आणि राज्य सरकारची प्रत्यक्ष देखरेख नव्हती. अशा मंडळाला स्पर्धा कायद्यापासून सूट मिळणार नाही, असं कोर्टाने सहा विरुद्ध तीन मतांनी ठरवलं. पार्लरमध्ये दात पांढरे करणं सुरक्षित आहे का, यावर कोर्टाने शिक्का मारलेला नाही. त्या निकालातला मुद्दा मला मान्य आहे: दंतवैद्यांनी स्वतःचा धंदा राखायला कायदा वापरू नये. म्हणूनच मी ताईंना माझ्या पोटापाण्याचं सांगितलं नाही, त्यांच्या गिऱ्हाइकाचा एक्स-रे दाखवला.

तिसऱ्या फेरीला ट्रे मुलीच्याच हातात का दिला, तेही इथे कळतं. ‘आम्ही तोंडाला हात लावत नाही, गिऱ्हाईक स्वतः लावतं’ हा बाहेरच्या देशांतला जुना बचाव आहे. पण खुर्ची तुमची, जेल तुमची, किती वेळ ठेवायची ते तुम्ही ठरवणार, पैसे तुम्ही घेणार. मग हात कुणाचा होता याने काय बदलतं?

कायद्याची लंगडी बाजूही सांगते. नोंदणीशिवाय दंतवैद्यक केल्यास १९४८ च्या कायद्यात पहिल्या वेळी दंड ठेवलेला पाचशे रुपयांपर्यंत. पुन्हा दोषी ठरला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पंचवीसशेच्या एका पॅकेजात पाच वेळचा दंड निघतो. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षातले आकडे आहेत ते. संसदेने २०२३ साली राष्ट्रीय दंत आयोग कायदा मंजूर केला तो या जुन्या कायद्याची जागा घेण्यासाठीच. त्याच्या नियमांत दात पांढरे करणं नाव घेऊन, पेरॉक्साइडच्या टक्क्यांसकट लिहिलं जावं, अशी माझी मागणी आहे. गावातल्या पार्लरवालीला व्याख्येचा अर्थ काढत बसायची वेळ येऊ नये.

उपचार, आणि सहा दिवसांचं गणित

आईचा पहिला आग्रह होता की तो पिवळा कोपरा आजच्या आज बदलून द्या. मला नाही म्हणावं लागलं. पेरॉक्साइडनंतर दातात ऑक्सिजन अडकून राहतो आणि नवं सिमेंट नीट चिकटत नाही. निदान दोन आठवडे थांबावं लागतं. शिवाय रंग अजून थोडा परतणार होता. आज रंग जुळवून भरला असता तर महिन्याने तोच कोपरा जास्त पांढरा दिसला असता, आणि कदाचित लग्नाच्या पंगतीत निखळलाही असता. आईला हे पटायला वेळ लागला. मुलीला लगेच पटलं.

त्या दिवशी केलं ते असं. पेस्ट चोळणं बंद, मऊ ब्रश, कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. पोटॅशियम नायट्रेट आणि फ्लोराइडची जेल दातांवर लावून ठेवली, घरी लावायलाही दिली. मुळाशी असलेल्या खाचांवर संरक्षक वार्निश. दुखण्याची गोळी दोन दिवस. लिंबू, कैरीचं पन्हं, बर्फाचं सरबत, ठेचा बंद. वरणभात आणि खिचडी, तीही कोमट. आखाजीच्या दिवसांत कैरी बंद म्हणजे शिक्षाच, पण तिने पाळलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती जेवली. हळदीपर्यंत कळ जवळजवळ गेली आणि हिरड्यांचा पांढरेपणा उतरला.

राखाडी दाताचं रूट कॅनाल लग्नानंतर करायचं ठरलं. सूज नव्हती, पू नव्हता, घाई नव्हती. घाई करून लग्नाच्या दिवशी सुजलं असतं तर? सुरतेला गेल्यावर तिने तिथल्या दंतवैद्याकडे ते पूर्ण केलं. माझ्याकडचा एक्स-रे आणि चिठ्ठी मी सोबत दिली होती. नंतर आतून ब्लीचिंग करून तो दात बराच जुळला, आणि उजवा कोपरा सगळ्यात शेवटी बदलला. क्रम असाच लागतो: आधी रोग, मग रंग, मग भरणं. पार्लरमध्ये मधूनच सुरुवात झाली होती.

लग्नाचे फोटो मी पाहिले. ती ओठ मिटून हसली आहे.

तक्रार

मी त्यांना सांगितलं होतं की पैसे दिल्याचा मोबाइलवरचा पुरावा, त्या मुलाचे मेसेज, सिरिंजचा फोटो, हिरड्यांचे तारखेसकट फोटो आणि माझी तपासणीची नोंद, सगळं एका जागी ठेवा. नोंदणी नसताना दंतवैद्यक केल्याची तक्रार महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे करता येते. लेबल नसलेल्या जेलची तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात. जेल सौंदर्यप्रसाधन म्हणून विकली तरी त्या नियमांतही उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच आणि मुदत लागतेच, ‘आम्ही औषध विकत नाही’ म्हणून सुटका होत नाही. आणि नुकसानभरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोग, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली: घटनेपासून दोन वर्षांच्या आत, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही. आधी विचारायचं असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

घरच्यांनी आयोगाकडे न जायचं ठरवलं. नवं सासर, नवरदेवही सुरतेचा, कोर्टकचेरीत पोरीचं नाव नको, असं वडील म्हणाले. मी जोर केला नाही. त्यांच्या जागी बहुतेक घरं हेच करतील, आणि अशी प्रकरणं कागदावर येत नाहीत त्याचं मोठं कारणही हेच. ताईंनी पंचवीसशे परत दिले, माझ्या तपासणीचे आणि एक्स-रेचे पैसेही दिले. त्या मुलाचा फोन बंद झाला. मशीनसाठी भरलेले ताईंचे पैसे बुडाले. दंत परिषदेला आणि औषध प्रशासनाला लेखी कळवण्याचं काम मी माझ्या नावाने केलं, मुलीचं नाव न घालता. सिरिंजच्या फोटोची प्रत दोन्हीकडे जोडली.

भावाला धुळ्याच्या दंत महाविद्यालयात पाठवलं. लग्नाच्या गडबडीत तो जाणार नाही असं मला वाटत होतं, म्हणून चिठ्ठी आईच्या हातात दिली. लग्न उरकल्यावर आईच त्याला घेऊन गेली. चट्ट्याचा तुकडा काढून तपासला. कर्करोग नव्हता, पण त्याच्या वाटेवरचे बदल होते. पुडी सुटायला त्याला दोनदा प्रयत्न करावा लागला. आता तोंड उघडायचे व्यायाम रोज करतो आणि ठरल्या तारखांना धुळ्याला दाखवतो.

ताईंनी दरपत्रकातून ‘टीथ व्हाइटनिंग’ काढून टाकलं. मग एक दिवस विचारायला आल्या की नवऱ्या तर विचारणारच, त्यांना काय सांगू? मी सांगितलं: लग्नाची तारीख निघाली की निदान दोन महिने आधी कुठल्याही नोंदणी असलेल्या दंतवैद्याकडे पाठवा, माझ्याचकडे असं नाही. तपासणी, साफसफाई, कीड असेल तर ती आधी, मग ब्लीचिंगची गरज उरली तर ते, आणि त्यानंतर दोन आठवडे थांबून पुढच्या दातांचं भरणं. दोन महिन्यांत हे सगळं बसतं. हळदीला सहा दिवस उरले असतील तर नुसती साफसफाई करून घ्या आणि पेरॉक्साइडला हात लावू नका.